आप्पा, मी बेंचवर आहे

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसं.)

आज मी पुण्यातून नाही, घरून बोलतोय. घर म्हणजे देवपूर, धुळे. गच्चीवरच्या खोलीत बसलोय. मध्येच कुकरची शिट्टी किंवा भंगारवाल्याचा भोंगा आला तर समजून घ्या.

परवा संध्याकाळी जीटीपी स्टॉपला चहाला थांबलो होतो. तिथं तीन पोरं भेटली. आपल्याच इंजिनिअरिंग कॉलेजची, नुकतीच पास झालेली. एकानं मोबाइल काढून ऑफर लेटरची पीडीएफ दाखवली. लेटर येऊन आठ महिने झालेत, जॉइनिंगची तारीख नाही. मला म्हणतो, ‘दादा, तुम्ही होता ना मोठ्या आयटी कंपनीत? खरं सांगा, कंपनी चांगली असते का?’

मी म्हटलं, ‘हो रे, चांगली असते.’ चहाचे पैसे दिले आणि निघालो. पण घरी येईपर्यंत ते उत्तर मलाच अर्धवट वाटायला लागलं. म्हणून हा भाग. मी पावणेसहा वर्षं होतो तिथं. कंपनीचं नाव घेणार नाही. विचारूही नका, कमेंटमध्ये अंदाजही लावू नका. माझ्याबाबतीत जे झालं ते कमी-अधिक फरकानं कुठंही होतं, आणि नाव घेतलं की गोष्ट त्या नावाचीच होऊन बसते.

आधी थोडं अमळनेरला जाऊन येऊ. इथून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि या विषयात खान्देशचा सगळ्यात जुना संबंध तिथंच आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी स्थापन झाली. अमळनेरला तिचा वनस्पती तुपाचा कारखाना. ‘सनफ्लॉवर’ नावाचं वनस्पती आणि ‘७८७’ नावाचा कपड्याचा साबण. १९६६ मध्ये मालक मोहम्मद हाशम प्रेमजी वारले, आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकणारा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम प्रेमजी परत आला. पुढं सत्तरच्या दशकाच्या शेवटी आयबीएम भारतातून बाहेर पडली, संगणकाच्या बाजारात जागा रिकामी झाली आणि ही तेल-साबणाची कंपनी त्यात उतरली. तीच विप्रो.

हे तुम्हाला माहीत असेल. अमळनेरकरांच्या शेअरची गोष्टही माहीत असेल. तिथल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, साध्या नोकरदारांनी त्या काळी शे-पाचशे रुपयांचे शेअर घेतले होते. ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांच्याकडं बोनस आणि स्प्लिट होत होत लाखो-कोटींची माया झाली. आमचे एक लांबचे काका नेहमी हळहळतात, ‘आपल्या बापानं दहा शेअर घेतले असते ना...’ प्रत्येक खान्देशी घरात असा एक काका असतो.

हे का सांगतोय? कारण आमच्याकडं आयटी कंपनी म्हटली की डोक्यात नकळत ती अमळनेरची गोष्ट असते. कंपनीला धरून राहा, कंपनी तुमचं भलं करेल. पोरगा लागला म्हणजे झाडाला लागला. पण धरून ठेवायला त्या लोकांकडं शेअर होता. ते मालक होते, छोटे का होईना. शेअरला कोणी बेंचवर बसवत नाही. आपण मात्र कंपनीत जातो ते तासावर विकायला. हा फरक मला कळायला पाच वर्षं लागली, आणि कळला तोही फार वाईट वेळी.

माझं सांगतो. २०१७ ला पास झालो. आमच्याकडं तेव्हा मोठ्या कंपन्या कॉलेजात कमी यायच्या, पूल कॅम्पस असायचा, दुसऱ्या गावी जायचं. मी शिरपूरला गेलो होतो, सकाळी सहाच्या एसटीनं, बहिणीच्या नवऱ्याचे बूट घालून. बूट एक नंबर मोठे होते, पुढं रुमाल कोंबला होता. अ‍ॅप्टिट्यूड, टेक्निकल, एचआर. संध्याकाळी सातला नाव वाचलं. आप्पा एसटीत ड्रायव्हर, तेव्हा नाशिकची गाडी घेऊन गेले होते, त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. चार दिवसांनी गल्लीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. माझा फोटो, खाली ‘अभिनंदन’, त्याखाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो. माझ्यापेक्षा शुभेच्छुक मोठे दिसत होते. हसू नका, तुमचाही लागणार आहे.

पॅकेज साडेतीन लाखांच्या आत. तुम्ही म्हणाल, आताही तेवढंच आहे. हो ना! तोच तर मुद्दा आहे. मोठ्या कंपन्यांमध्ये साध्या फ्रेशरचा आकडा दहा-बारा वर्षांपूर्वीही तीन-साडेतीनच्या आसपास होता, आजही फार लांब गेलेला नाही. टीसीएसचा ‘निंजा’ गट म्हणजे ३ लाख ३६ हजार. त्यांच्याच ‘डिजिटल’ गटाला ७ लाख. हे वेगळे दरवाजे आहेत, आणि कोणत्या दरवाजानं आत गेलात ते पुढं बरीच वर्षं चिकटून राहतं. परीक्षेची तयारी करताना हे लक्षात ठेवा. ‘आधी आत तर जाऊ’ असं मी म्हटलं होतं.

आणि सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नाही. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, व्हेरिएबल असतं, विम्याचा हप्ताही धरलेला असतो. माझ्या हातात यायचे तेवीस हजार. वाकडला कॉट बेसिसवर राहायचो, एका खोलीत चौघं. भाडं, मेसचा डबा, बस धरून साडेअकरा-बारा जायचे. घरी आठ पाठवायचो. उरलेल्यात पुणे बघायचं.

आता तो हिशोब, जो मला कोणी सांगितला नव्हता. हिशोबापुरते सोपे आकडे घेऊ. समजा कंपनीनं अमेरिकेतल्या क्लायंटला तुमचा तास वीस डॉलरनं लावला. दिवसाचे आठ तास, महिन्याचे वीस दिवस. झाले ३२०० डॉलर. डॉलर ८५ रुपयांनी धरला तर २ लाख ७२ हजार रुपये. तुमच्या हातात तेवीस-पंचवीस हजार. पहिल्यांदा हे गणित मांडलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. रूममेटला म्हटलं, अरे हे अडीच लाख खातात आपले!

पण तसंही नाही. या कंपन्यांच्या महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा पगारांवरच जातो. फक्त तो सगळ्यांना सारखा जात नाही. वर मॅनेजर, त्यावर डिलिव्हरी हेड, अमेरिकेत बसून काम आणणारे सेल्सवाले, ऑनसाइटची माणसं. शिवाय ऑफिस, बस, ट्रेनिंग, आणि ज्यांना सध्या काम नाही त्यांचा पगार. हे सगळं भागवून मोठ्या कंपन्यांचा ऑपरेटिंग मार्जिन साधारण १७ ते २५ टक्क्यांच्या मध्ये राहतो. याला ते पिरॅमिड म्हणतात. खाली स्वस्त पोरं भरपूर, वर महाग माणसं थोडी. खालची पोरं जितकी जास्त आणि जितकी कामात गुंतलेली, तितका हिशोब चांगला जुळतो.

म्हणजे यात खलनायक कोणी नाही. पण एवढं समजून घ्या की त्या इमारतीत तुमच्याबद्दल पहिला प्रश्न ‘हा हुशार आहे का’ हा नसतो. ‘हा बिलेबल आहे का’ हा असतो. तुमच्या तासाचं बिल कोणाला तरी लागतंय की नाही, एवढंच. बाकी सगळं त्यानंतर.

मला पहिला प्रोजेक्ट सपोर्टचा मिळाला. एका अमेरिकन विमा कंपनीची जुनी सिस्टीम, तिच्यात रात्री बॅच जॉब चालायचे, ते पडले की उठवायचे. शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. पहाटे कंपनीची कॅब वाकडला सोडायची तेव्हा दूधवाले निघालेले असायचे. दोन वर्षं हे केलं. डेव्हलपमेंट मागितली की ‘पुढच्या क्वार्टरला बघू’. माझ्या बॅचची एक मुलगी होती, नंदुरबारची. तिनं आठव्या महिन्यातच मॅनेजरला स्पष्ट मेल केला, की मला कोडिंग द्या, नाहीतर दुसऱ्या प्रोजेक्टला सोडा. आम्ही तिला वेडी म्हणालो. आज ती आमच्या सगळ्यांच्या पुढं आहे. मी गप्प बसलो. आपल्याकडची पोरं गप्प बसतात. इंग्रजी बोलताना आधी मराठीत वाक्य जुळवायचं, मग भाषांतर करायचं, तोवर मीटिंगमध्ये विषय बदललेला. हे ज्याचं झालंय त्यालाच कळेल.

चांगलंही सांगतो, नाहीतर खोटं होईल. मेल कसा लिहायचा हे तिथं शिकलो. चूक झाली तर ती कशी कबूल करायची आणि परत होऊ नये म्हणून काय लिहून ठेवायचं, हे तिथं शिकलो. तमिळ, बंगाली, बिहारी पोरांबरोबर राहिलो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे विमा. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील होते. २०२२ च्या जूनमध्ये आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन नाशिकला झालं. बिल बघून आप्पांचा चेहरा उतरला होता, मी कार्ड दाखवलं. त्या दिवशी मला ती नोकरी देवासारखी वाटली होती, खरंच. डॉक्टर म्हणाले, डाव्याचंही करावं लागेल, वर्षभरानं या.

हे लक्षात ठेवा, डावा गुडघा.

त्याआधी आणखी एक झालं होतं. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला. आठवत असेल, २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. आप्पा संपात होते. जवळपास साडेपाच महिने पगार नाही. लॉकडाऊनपासून मी घरूनच काम करत होतो, या इथंच, याच खोलीत. घर माझ्या पगारावर चाललं. आप्पा कधी बोलले नाहीत, पण सकाळी मी लॅपटॉप उघडला की टीव्हीचा आवाज कमी करायचे. त्या वर्षाअखेर ते रिटायर झाले. पेन्शन ईपीएस-९५ ची. ज्यांच्या घरात ती येते त्यांना आकडा विचारायची गरज नाही.

फेब्रुवारी २०२३. आमच्या क्लायंटनं खर्च कमी केला. एका शुक्रवारी मॅनेजरनं कॉल लावला, अकरा जणांना ‘रिलीज’ करतोय म्हणाला. रिलीज हा शब्द बघा काय सुंदर आहे, जसं काही पिक्चर लागणार आहे. सोमवारपासून मी बेंचवर.

बेंच म्हणजे काय ते घरच्यांना सांगता येत नाही. पगार चालू आहे, लॅपटॉप आहे, पण काम नाही. रोज सकाळी पोर्टलवर जायचं, कुठं जागा आहे का बघायचं, अर्ज करायचा. माणसं वाटणाऱ्या विभागाचा फोन येतो. तुम्ही जावा केलेलं असतं, ते विचारतात मेनफ्रेमला जाणार का? चेन्नईला जाणार का? उद्या? प्रोजेक्टवाले आतल्या आत इंटरव्ह्यू घेतात. ज्या कंपनीत तुम्ही साडेपाच वर्षं आहात तिथं पुन्हा ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’. मी सपोर्टवाला, सगळ्यांना हवे होते क्लाउडवाले. पहिला महिना ट्रेनिंगचे कोर्स केले. दुसऱ्या महिन्यात दिवसातून चाळीस वेळा मेल बघायचो. तिसऱ्या महिन्यात फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

आणि मी घरी कोणालाच सांगितलं नाही. रोज सकाळी नऊला दार लावून घ्यायचं. हेडफोन घालून बसायचं. जेवायच्या वेळी ‘आज दोन कॉल होते’ असं म्हणायचं. आई चहा आणून ठेवायची, दबक्या पावलांनी, एका दुखऱ्या गुडघ्यावर जिना चढून. मी स्क्रीनवर काहीतरी उघडं ठेवायचो. गल्लीतले मोठे काका विचारायचे, ‘काय रे पोऱ्या, नोकरी शे ना?’ ते सहज विचारायचे. मला वाटायचं यांना कळलं.

चौऱ्याण्णव दिवस असे गेले.

आता आकडे बघितले तर चौऱ्याण्णव दिवस म्हणजे चैन वाटेल. टीसीएसनं जून २०२५ मध्ये नियम केला, वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल पाहिजेत आणि बेंचवर ३५ दिवसांच्या वर राहायचं नाही. त्याच्या पुढच्याच महिन्यात त्यांनी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसं कमी करणार असं जाहीर केलं, त्यात बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. ज्या कंपनीबद्दल आपल्याकडं ‘सरकारी नोकरीसारखी’ असं म्हणायचे, तिथली ही गोष्ट.

माझं काय झालं? मे महिन्यात एचआरचा कॉल. पंधरा मिनिटांचा स्लॉट, विषयाच्या जागी फक्त ‘कनेक्ट’. कॅमेरा चालू ठेवा म्हणाले. एचआरच्या मॅडम अगदी गोड बोलत होत्या. दोन पर्याय आहेत. स्वतःहून राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, दोन महिन्यांचा बेसिक देऊ. नाहीतर कंपनी काढेल आणि तसं रेकॉर्डला राहील, पुढं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला अडचण येईल. मी विचारलं, विचार करायला वेळ मिळेल का? त्या म्हणाल्या, पोर्टल उघडा, मी कॉलवर थांबते.

मी उघडलं. कारणाच्या जागी ड्रॉपडाउन होता. मी ‘पर्सनल रीझन्स’ निवडलं. सबमिट. सतरा मिनिटं झाली होती.

तुम्हाला ही एकच गोष्ट सांगायची असती तरी मी हा भाग केला असता. त्या कॉलवर राजीनामा देऊ नका. ‘हे मला मेलवर पाठवा, मी उत्तर देतो’ एवढं एकच वाक्य बोला, आणि कॉल संपला की काय बोलणं झालं ते स्वतः मेल करून त्यांना पाठवा. स्वतःहून दिलेला राजीनामा हा कागदावर तुमचाच निर्णय असतो, नंतर ‘मला भाग पाडलं’ हे सिद्ध करणं महाकठीण. आपल्याला वाटतं कामगार कायदा म्हणजे कारखान्यातल्यांसाठी. तसं नाही. पदाचं नाव ‘सीनियर इंजिनिअर’ असलं तरी काम जर व्यवस्थापकाचं नसेल, तर कायद्याचं संरक्षण मागता येतं. वर्षभर सलग नोकरी झालेल्या अशा कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पुण्यात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आयटीवाले तक्रारी घेऊन जातात. नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना पुण्यातच आहे. मी यातलं काहीच केलं नाही. मला यातलं काही माहीतच नव्हतं.

आणि ज्याच्या घरात माणूस साडेपाच महिने संपावर होता, त्यानं हे म्हणावं! युनियन, नोटीस, आयुक्त हे शब्द माझ्या घरात रोज जेवताना कानावर पडायचे. मला वाटायचं ते आप्पांचे, खाकीतल्यांचे शब्द आहेत. आपण आयटीवाले, आपला बॅज वेगळा.

घरी सांगितलं दहा दिवसांनी. रात्री साडेनऊला, आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी म्हटलं, ‘आप्पा, मी तीन महिने बेंचवर होतो. आता नोकरी गेली.’ त्यांनी विचारलं, बेंच म्हणजे? समजावलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘म्हणजे गाडी डेपोत उभी होती. मग तुझं काय चुकलं?’ परत थोड्या वेळानं, ‘आणि तू सही केली?’ मी हो म्हटलं. म्हणाले, ‘एक फोन करायचा होता मला. मी खालीच होतो.’

(थोडा वेळ थांबलो होतो इथं. पुढं जाऊ.)

पैशाचं सांगतो, कारण कोणी सांगत नाही. पाच वर्षं पूर्ण झाली होती म्हणून ग्रॅच्युइटी मिळाली. सूत्र सोपं आहे. शेवटचा बेसिक, त्याला पंधरानं गुणा, सव्वीसनं भागा, वर्षांनी गुणा. माझा बेसिक बावीस हजार, पाच वर्षं नऊ महिने म्हणजे सहा धरतात. छहात्तर हजार आले. त्यावर चार महिने घर चाललं. पीएफ काढला नाही, नवीन नोकरीत त्याच यूएएनवर वळवला, तेवढी एक अक्कल होती.

पण विमा त्याच दिवशी संपला. शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता. आईचा डावा गुडघा राहिला. आता नवीन पॉलिसी काढायला गेलो तर आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड, तीन वर्षांपर्यंत. म्हणून सांगतो, कंपनीचा विमा आहे म्हणून निवांत राहू नका. पगार सुरू झाला की आई-वडिलांची स्वतःची छोटी का होईना पॉलिसी काढा, म्हणजे तो वेटिंगचा काळ नोकरीत असतानाच संपत जातो. आणि नोकरी सोडताय किंवा सुटतेय असं दिसलं, तर त्याच विमा कंपनीकडं वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे बाहेर पडायच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही. मी नंतर विचारलं होतं.

आता त्या जीटीपी स्टॉपवरच्या पोरांकडं येतो. आठ महिने जॉइनिंग नाही, थांबू का? बाबांनो, २०२२ च्या बॅचच्या सुमारे दोन हजार पोरांना इन्फोसिसची ऑफर होती, त्यांतल्या बऱ्याच जणांचं जॉइनिंग २०२४ उजाडल्यावर झालं. दोन-दोन वर्षं! आणि म्हैसूरला ट्रेनिंगला गेलेल्या फ्रेशर्सपैकी तीनशेहून अधिक जणांना फेब्रुवारी २०२५ मध्ये काढलं. कंपनीचं म्हणणं, तीन संधी देऊनही परीक्षा पास झाले नाहीत. विप्रोनं २०२३ मध्ये साडेसहा लाखांची ऑफर असलेल्या फ्रेशर्सना विचारलं होतं, साडेतीनवर आत्ताच जॉइन होता का? हे सगळं छापून आलेलं आहे, माझ्या मनाचं नाही. तेव्हा ऑफर लेटर हा मुहूर्त नाही, निमंत्रण आहे. मांडव पडेपर्यंत दुसरीकडं अर्ज करत राहा. यात कसली बेइमानी नाही.

बाँडचं विचारलं होतं एकानं. बाँड म्हणजे नुसती धमकी, कोर्टात टिकत नाही, असं आपल्याकडं सर्रास सांगतात. सांभाळून. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड टिकेल असं नाही, पण वाचल्याशिवाय सही करू नका. मूळ मार्कशीट कोणाकडं ठेवू नका, दाखवा आणि परत घ्या. आणि ‘आतून सेटिंग आहे, दीड लाख द्या’ म्हणणारा जो कोणी पुण्यात भेटेल, तो तुमच्या गावचा असला, तुमच्या आडनावाचा असला, तरी पैसे द्यायचे नाहीत. आपल्या भागातली पोरं यात फसलीत, शेत गहाण टाकून.

आणि आत गेलात की पहिल्या सहा महिन्यांत एवढंच बघा, की तुम्ही जे शिकताय ते त्या इमारतीबाहेर कोणाला हवंय का. मी जे दोन वर्षं केलं ते फक्त त्या एका क्लायंटच्या एका सिस्टीमपुरतं होतं. आता तर ते बॅच जॉब उठवायचं काम एआय करायला लागलंय, म्हणजे पिरॅमिडचा तळच बारीक होतोय. नंदुरबारवालीनं मेल केला तो त्यासाठीच.

माझं सध्या बरं चाललंय. साडेचार महिने घरी बसलो, क्लाउडचं शिकलो, तीस-बत्तीस इंटरव्ह्यू दिले. आता एका लहान कंपनीत आहे, साठ माणसांची. महिन्यातले पंधरा दिवस पुणे, पंधरा दिवस देवपूर. पगार जुन्यापेक्षा जास्त आहे. विम्यात आई-वडील नाहीत. इंटरव्ह्यूत विचारलं होतं मी, तर ते म्हणाले, हा प्रश्न तुम्ही पहिलेच विचारताय.

मोठ्या कंपनीचा राग येतो का? कमी होत चाललाय. त्या ड्रॉपडाउनचा येतो. ‘पर्सनल रीझन्स’ निवडलं त्याचा येतो.

त्या मुलाचा नंबर घेतलाय मी. हा भाग त्याला पाठवणार आहे, ऐकून काय म्हणतो ते पुढच्या वेळी सांगेन. तुमच्यापैकी कोणी बेंचवर असेल, किंवा असा ‘कनेक्ट’ नावाचा कॉल आला असेल, तर लिहा. नाव गाळून वाचेन. आणि घरी सांगितलं नसेल तर आज सांगा, जेवणाआधी.

चला, थांबतो. खाली भरीत झालंय, कळण्याची भाकर आहे. आई जिन्याखालून हाक मारतेय. आता वर येत नाही ती, खालूनच हाक मारते.